साफ केलेलं वावर

गारा पडल्या त्या दुपारी वैशाली नगरातल्या लोकांनी गॅलरीत वाट्या ठेवल्या. भरलेल्या वाट्यांचे फोटो काढले, एकदोघांनी गारा सरबतात घालून प्यायल्या, आणि भिलाईत काश्मीर उतरलं असं मोबाईलवर लिहून सगळे मोकळे झाले. उतरलं खरं. त्याच वीस मिनिटांत जुनवानीच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, साठ एकरांतला चना मातीत गाडला गेला. त्याचा फोटो काढायला कुणी गेलं नाही. आणि आठ दिवसांनी हीच माणसं ठेल्यापाशी उभी राहून टमाटर एवढे महाग कसे म्हणून भाजीवालीचं डोकं खाणार, हेही ठरलेलं. गार म्हणजे बर्फ, एवढंच ज्याला ठाऊक त्याच्याशी बोलायचं तरी काय?

मैनाबाई लांजेवारचं घर याच वैशाली नगरात. पण तिचा जीव तिथं नाही, तो नदीकडच्या दोन एकरांत. माहेर भंडारा जिल्ह्यातलं, लाखांदूरच्या बाजूचं. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती प्लांटच्या क्वार्टरात आली आणि पहिल्याच महिन्यात क्वार्टरामागची फरशी उखडून तिथं वांगी लावली. नवरा केवलराम ब्लास्ट फर्नेसवर. तेहेतीस वर्षं त्यानं वितळलेलं लोखंड वाहून नेणाऱ्या नाल्या सांभाळल्या. रिटायर व्हायच्या आधी त्याला फ्लॅट घ्यायचा होता. मैनाबाई म्हणाली, फ्लॅटमध्ये काय पेरू, तुमचं डोस्कं? मग घर साधं घेतलं आणि उरलेल्यात ही जमीन. काळी कन्हार माती, हात घातला की बोटांना चिकटणारी.

बारा वर्षं झाली, रोज सकाळी लाल स्कूटीवर ती वावरात जाते. धान झालं की चना. पेरते ती, निंदते ती, सोंगते ती. मजूर लागतात तेव्हा लावते, पण धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून हुकूम सोडत नाही. तरी गावात तिचं नाव पडलं ते प्लांटवाली. प्लांटवालीचा शौक. प्लांटवालीचं काय, पीक आलं तर आलं. बारा वर्षं हे ऐकून तिनं दात दाबून धरले होते. बाईनं शेती केली की तो शौक, पुरुषानं धुऱ्यावर बसून बिडी ओढली तरी तो शेतकरी. हा न्याय कुणी लावला देव जाणे.

गारा पडल्या मंगळवारी. मैनाबाई तेव्हा चरोद्याला होती, लेकीकडे. दिपालीचा नवरा निखिल रेल्वेत गार्ड, तो ड्युटीवर, आणि नात तापानं फणफणलेली. रेल्वे कॉलनीतल्या पत्र्यांवर गारा वाजायला लागल्या तशी मैनाबाईनं नातीला दिपालीच्या हवाली केलं आणि फोन लावला.

"अवो, तिकडं पडून राहिल्या का?"

"पडल्या," केवलराम म्हणाला. "लिंबाएवढ्या. पण तू येऊ नको. मी हावो ना. सब सांभाळतो."

सब सांभाळतो! हे ऐकूनच तिनं स्कूटी काढायला पाहिजे होती. पण नातीचा ताप उतरेना. गुरुवारी सकाळी उतरला आणि दहाच्या सुमाराला ती वावरात पोचली.

धुऱ्यावर स्कूटी लावून ती नुसती पाहत राहिली.

वावर साफ होतं. साफ म्हणजे कसं, झाडून घेतलेल्या अंगणासारखं. एक काडी नाही, एक पान नाही. चन्याचे बुंधे जमिनीलगत सरळ कापलेले. धुऱ्याला चुन्याची रेघ मारायची तेवढी बाकी होती. आणि मधोमध कमरेवर हात देऊन केवलराम उभा, बाजूला त्याचा जुना सोबती फकिरा आणि आणखी दोघं रिटायर गडी. चौघांच्या तोंडावर शाबासकीची वाट पाहणारं हसू.

"हे काय केलं तुमी?"

"साफ केलं." केवलरामनं दुपट्ट्यानं मान पुसली. "दीड दिवस लागला. फिरून पाय, एक कचरा दिसन तं सांग."

"चना कुठं हाय?"

"दोन ट्रॅक्टर माल निघाला वो. मोडका होता सारा. जे अर्धंमुर्धं उभं होतं ते ईळ्यानं कापलं. गौठानात देऊन टाकला. गाईंनी खाल्ला बी असन."

"खाल्ला बी असन," मैनाबाई म्हणाली आणि मटकन धुऱ्यावर बसली.

"तुले पाहून रडू येईन म्हणून," केवलरामचा आवाज जरा उतरला. "आन वरतून सर्व्हेचा साहेब येनार हाय म्हणते. साहेब येऊन राहिला आन वावर असं पडलं राहीन, तं काय म्हणन तो?"

आता यात त्या माणसाचा दोष किती? फर्नेसवर लोखंड एकदा वाहून गेलं की नालीत राहिलेला सगळा थर उकरून, नाली चकचकीत करून पुढच्या शिफ्टच्या हातात द्यावी लागते. घाण सोडून घरी गेला तो माणूस नालायक. आणि मोठ्या साहेबाचा राउंड असला तर झाडाच्या बुंध्यांनासुद्धा गेरू लागतो. तेहेतीस वर्षं हे हातात मुरलं. डोक्यावर आभाळ कोसळलं तेव्हा केवलरामनं तेच केलं जे त्याला येत होतं. जागा साफ केली.

"साहेब तुमच्या तिथं चमक पाहाले येते जी," मैनाबाई हळू म्हणाली. "इथं तो मोडलेलं पाहाले येते. मोडलेलं ठेवा लागते तसंच. हात नाही लावत कोणी."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आमाले का मालूम, भाभी?" फकिरा डोकं खाजवत म्हणाला. "आमच्या तिथं मोडलेलं दाखवलं तं चार्जशीट भेटते."

हसू आलं तिला. राग एवढा होता की हसूच आलं.

ते टिकलं नाही. भैय्याजी तरातरा धुरा ओलांडून आला. भैय्याजी म्हणजे शेजारचा चार एकरवाला, गावचाच, छत्तीसगढी माणूस. एरवी लांबूनच रामराम घालणारा. आज त्याच्या हातात मोबाईल होता आणि कपाळावर शीर ताठलेली.

यंदा सर्व्हेची तऱ्हा अशी होती की नदीकडच्या पट्ट्यातून एक शेत नमुना म्हणून निघायचं, आणि त्या एका शेतात जे दिसेल त्यावरून सगळ्या पट्ट्याचं नुकसान लिहायचं. अक्कल कुणाची, विचारू नका. खुर्चीत बसून साठ एकर एका ठिपक्यात मावतात. आणि त्या पट्ट्यातून नेमकं शेत निघालं होतं ते मैनाबाईचं. पटवारीण उद्या सकाळी येणार होती.

"तोर खेत ला देख के हमर जम्मो झन के लिखही, बाई," भैय्याजी म्हणाला. "अउ तोर खेत मा का हे? झाडू लगे हे!"

अकरा घरांचा चना त्या पट्ट्यात. सगळ्यांचा मार खाऊन पडलेला, सगळ्यांनी हात न लावता जपून ठेवलेला. आणि नमुना म्हणून कोणतं वावर, तर जे गावात एकटंच पुसून काढलेलं. बारा वर्षांत गाव तिला नुसतं हसत होतं. उद्यापासून शिव्या देणार.

भैय्याजीनं आवाज खाली आणला. त्याच्याकडे तोड होती. सकाळी उजाडायच्या आत त्याच्या वावरातला मोडका चना दोन गाड्या भरून आणायचा आणि मैनाबाईच्या वावरात पसरून टाकायचा. पटवारीण फोटो काढून जाईल. कुणाला काय कळतंय?

केवलरामनं लगेच मान हलवली. "होऊन जाईन. पसरायले आमी चौघं हावो."

"तुमी गप राहा," मैनाबाई म्हणाली. मग भैय्याजीकडे वळली. "नहीं भैय्याजी. मेरी फसल मरी है. मैं दूसरे की लाश पे नहीं रोऊँगी."

"त का देखाबे? ए भुइँया?"

"हाँ. जमीनच दाखवीन."

भैय्याजीनं मोबाईल खिशात कोंबला. मग जे बारा वर्षं गाव पाठीमागे बोलत होतं ते त्यानं तोंडावर बोलून घेतलं. "तोर का जाही! प्लांटवाली अस. घर मा पेंशन आथे. हमन का खाबो, तोर अकड़?" आणि तरातरा निघून गेला.

तो खोटं बोलला नव्हता, म्हणून ते लागलं. तिच्या घरी चूल पेटणारच होती. त्याच्या घरी पुढच्या पेरणीचं बियाणं आत्ताच मातीत गेलं होतं. तिच्या खऱ्यापणाची किंमत तिला नाही, त्या अकरा घरांना पडणार होती. मैनाबाईला हे कळत होतं. आणि तरीही दुसऱ्याचा चना आपल्या जमिनीवर पसरून, माझा आहे म्हणून सांगायला तिची जीभ वळणार नव्हती. शेतकरी आहे असं जिला बारा वर्षं सांगावं लागलं, तिनं खोट्या काडीवर ते सिद्ध करायचं?

ती उठली, चपला काढल्या आणि वावरात उतरली. ऊन चढत होतं, पण जमीन अजून ओली होती. उकिडवं बसून तिनं ईळ्याच्या टोकानं एका बुंध्याशेजारी माती खरवडली. बोटभर खाली एक हिरवा घाटा, चन्याची शेंग, निघाला. अर्धा भरलेला. हातभर अंतरावर दुसरा. त्याला लागून तिसरा, फुटलेला, आतला दाणा दुधाळ. गारेनं झाडावरून तोडून सरळ मातीत ठोकलेले. केवलरामच्या गड्यांनी वरचं सगळं झाडून नेलं होतं, पण जमिनीच्या पोटात त्यांचा झाडू पोचला नव्हता.

"हाय," मैनाबाई स्वतःशीच म्हणाली. पुरावा होता. प्रश्न एवढाच होता की तो पाहायला पटवारीण खाली वाकेल का.

शुक्रवारी ती नऊ वाजता आली. ऐश्वर्या नाव, तिशीच्या आतली, पांढरे बूट चिखलानं माखलेले. कालपासून तिनं किती वावरं तुडवली असतील ते त्या बुटांवरून कळत होतं. धुऱ्यावर भैय्याजी आणि पट्ट्यातले सगळे लोक जमले होते.  केवलराम आणि त्याचे गडी वावराच्या कडेच्या पंपघरापाशी शाळेत उशिरा आलेल्या पोरांसारखे उभे.

ऐश्वर्यानं मोबाईलवर शेताचा नंबर जुळवला आणि इकडेतिकडे पाहिलं.

"अंकल कहाँ हैं? केवलराम लांजेवार?"

"अंकल यहीं हैं," मैनाबाई म्हणाली. "लेकिन खेत की बात मुझसे करो."

"आंटी, खसरे के कागज में नाम उनका है."

"नाम उनका है. खेत मेरा है."

ऐश्वर्यानं खांदे उडवले. मग वावराकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. "ये तो कट चुका है. बूट बेच दिया ना आंटी? सुपेला में अभी खूब चल रहा है."

बूट म्हणजे हिरवा चना, झाडासकट जुड्या बांधून बाजारात विकतात तो. पट्ट्यातले बरेच जण थोडाफार विकतात. साफ वावर पाहून कुणालाही तेच वाटलं असतं. धुऱ्यावर भैय्याजीनं तोंड फिरवलं.

"बूट कैसे निकालते हैं, मालूम है?" मैनाबाईनं विचारलं.

"उखाड़ के."

"जड़ समेत ना? जुडी बांधायला मूळ लागतं. आओ, एक उखाड़ के देखो."

ऐश्वर्या जागची हलली नाही. तिनं घड्याळ पाहिलं. "आंटी, मुझे फसल का फोटो चाहिए. फसल नहीं है तो मैं क्या लिखूँ? मिट्टी?"

"हो, माती लिहा. लेकिन पहले बैठ के देखो." मैनाबाईचा आवाज चढला. हिंदी-मराठी सगळं एक झालं. "दो दिन से सब लोग तुमको खड़े-खड़े दिखा रहे हैं, तुम खड़े-खड़े लिख रही हो. मैं बारा साल से इस जमीन पे बैठ के काम करती हूँ. तुम दहा मिनिट बैठो. उसके बाद जो लिखना है लिखो, मी एक शब्द बोलणार नाही."

धुऱ्यावर कुणीतरी खाकरलं. ऐश्वर्या तिच्याकडे रोखून पाहत होती. रागावली असावी. पण बाई गयावया करत नव्हती, हात जोडत नव्हती, हे तिला दोन दिवसांत पहिल्यांदाच दिसलं असेल. ती आत आली.

"जागा तुम्ही निवडा," मैनाबाई म्हणाली. "ढेकूळ उचला आणि फेका. जिथं पडेल तिथं पाहू. नाही तर म्हणाल, बाईनं आधीच पुरून ठेवलं."

ऐश्वर्यानं ढेकूळ फेकलं. ते वावराच्या मध्यावर जाऊन फुटलं. दोघी तिथं गेल्या. मैनाबाईनं बुंधा धरून उपटला, लांब मूळ मातीसकट वर आलं. "ही जड़. बूट विकला असता तर ही सुपेल्याच्या बाजारात असती, इथं नाही." मग एका हाताच्या जागेतली माती तिनं खरवडली आणि बाजूला सरकली. "आता तुम्ही."

ऐश्वर्या बसली. पहिल्यांदा दोन बोटांनी, मग पंजानं माती उकरायला लागली. हिरवे घाटे निघत गेले. ती मोजत होती. एकवीस झाले तेव्हा तिनं वर पाहिलं.

"पिकलेला चना सोंगला असता तर घाटा वाळलेला असता," मैनाबाई म्हणाली. "ये देखो, अंदर दूध है. अजून तीन हप्ते होते याला. कौन काटता है ऐसा? कापलं ते माझ्या नवऱ्यानं, गारा पडल्यावर. कावून की त्याला वाटलं, साहेब येणार तर साफ पाहिजे. प्लांटमध्ये होता."

ऐश्वर्यानं पंपघराकडे पाहिलं. केवलरामनं नमस्कार केला.

दुसरं ढेकूळ धुऱ्याजवळ पडलं. तिथं सव्वीस निघाले. धुऱ्यावरची माणसं आता जवळ सरकली होती, भैय्याजी सगळ्यांत पुढे. तिसरं ढेकूळ ऐश्वर्यानं उलट्या बाजूला, पंपघराच्या भिंतीकडे फेकलं.

मैनाबाई खाली बसली, माती खरवडली. काही नाही. आणखी खोल गेली. काही नाही. शेजारच्या तासात, चन्याच्या पुढच्या ओळीत, हात घातला. तिथंही एक घाटा नाही. 

"यहाँ तो कुछ नहीं है आंटी," ऐश्वर्या म्हणाली.

भैय्याजी पुटपुटला, आता गेलं. आणि केवलराम दोन पावलं पुढे आला. त्याचं तोंड पडलं होतं.

"मैना, इथला चना उभा होता वो," तो म्हणाला. "भिंतीच्या आड होता ना. गार तिरपी पडली, इथं नाही लागली. आठ तासं चांगली राहिली होती."

"मग?"

"मीच कापली. म्हटलं, सगळं एकसारखं दिसलं पाहिजे."

मैनाबाईनं डोळे मिटले. हे तिला कालपासून कुणी सांगितलं नव्हतं. आठ तासं! घरच्या डाळीपुरता चना, पुढच्या वर्षाचं बियाणं. गारांच्या तावडीतून वाचलेला, आणि नवऱ्याच्या तावडीत सापडलेला. भैय्याजी मागून घाईघाईनं कुजबुजला, "बाई, कह दे, गाय चर दिस. कुछु कह दे."

ती उठली. हाताची माती झटकली नाही.

"मॅडम, लिहून घ्या. इस खेत में एकशे चार तास हैं. शहाण्णव तासं गारांनी खाल्ली. ये आठ गारांनी नहीं मारीं, मेरे आदमी ने मारीं. ती नुकसानीत धरू नका."

 मग फकिरा फसकन हसला, त्याच्यामागे धुऱ्यावरची चारदोन माणसं, आणि शेवटी ऐश्वर्या. तोंडावर हात ठेवून, पण हसली.

"दो दिन में चालीस खेत देखे आंटी," ती म्हणाली. "सबने सौ प्रतिशत बोला. कम किसी ने नहीं बताया."

"त्यांचं शंभर गेलं असेल. माझं आठ तासं कमी गेलं."

ऐश्वर्या बराच वेळ मोबाईलवर टाइप करत होती. मग तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. गारपिटीनं नुकसान, शंभरात ब्याण्णव. थोडा भाग भिंतीआड वाचलेला. घाटे जमिनीत दबलेले, मुळं जागेवर. तेच आकडे आता सगळ्या पट्ट्याला लागणार होते. भैय्याजीनं ते दोनदा वाचायला लावलं. मग मैनाबाईकडे न बघताच म्हणाला, "बने लिखाय हस, दीदी." चांगलं लिहवून घेतलंस, असं म्हणताना बारा वर्षांत तो तिला पहिल्यांदा दीदी म्हणाला.

"खेती कौन करता है, ये भी कॉलम है," ऐश्वर्या म्हणाली. "केवलराम जी लिखूँ?"

"मैनाबाई लांजेवार," केवलराम म्हणाला. "लिहा ना मॅडम. मी तं हेल्पर हावो. तो बी कच्चा."

आता फोटो राहिला. पीक उभं नव्हतं, तेव्हा ऐश्वर्यानं सांगितलं, घाटे हातात घ्या आणि खेतात उभ्या राहा. मैनाबाईनं सत्तेचाळीस घाटे ओंजळीत घेतले. चिखलानं काळे, फुटके, हिरवे. पदर सारखा केला नाही. वावराच्या मधोमध जाऊन उभी राहिली, मान सरळ.

अशा फोटोंची एक रीत असते. बाईनं पदर डोळ्याला लावायचा, म्हाताऱ्यानं कपाळाला हात मारायचा. अधिकाऱ्याला तेच बघायची सवय, पेपरवाल्याला तेच छापायची. भैय्याजीला ती रीत पाठ होती. तो काळजीनं म्हणाला, "दीदी, थोरकिन रो दे. फोटो बने आही."

"नुकसान का फोटो चाहिए ना?" मैनाबाई म्हणाली. "नुकसान हाथ में है. मुँह मेरा है."

ऐश्वर्यानं फोटो काढला. एकच काढला आणि मोबाईल खिशात टाकला. मग ती पुढच्या गावाला निघाली, आणि मैनाबाईनं ओंजळीतले घाटे केवलरामच्या दुपट्ट्यात ओतले. त्याला म्हणाली, वावर एवढं झाडून ठेवलंच आहे तर सोमवारी मूग पेरायचा, चौघांनी सकाळी सहाला हजर राहायचं, आणि ईळा घरी ठेवून यायचा.